सत्तर पावलांचा मोकळा पट्टा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एक काच तडकली आणि तिथून सगळं सुरू झालं.

तेव्हा ती डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि अंगात चकाकतं जाकीट घालून रस्त्याच्या कडेने नारिंगी प्लास्टिकचे कोन मोजत चालली होती. समोरून, काम संपतं त्या टोकाकडून, एक तरुण तरातरा चालत आला. त्याच्या मागे लांबवर त्याचा छोटा टेम्पो उभा होता. टेम्पोच्या दोन्ही अंगांना लाकडी चौकटी, चौकटींत काचा उभ्या बांधलेल्या, आणि त्यांतली एक वरपासून खालपर्यंत तडकलेली.

"इथले मुख्य कोण आहेत?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. सगळेच पाहतात, तिला त्याची सवय होती.

"मागे कुणी नाही," ती म्हणाली. "मीच आहे. बोला."

"तुमच्या पाटीमुळे माझी काच गेली."

"पाटीनं काच फोडली?"

"पाटी दिसेपर्यंत गाड्यांची रांग समोर आली होती. करकचून ब्रेक दाबला मी."

आता हे तिला झोंबलं. डांबराची टोळी कामाला लागायच्या आधी रस्त्याची एक लेन बंद करायची, लांबून पाट्या लावायच्या, कोनांच्या तिरक्या रांगेनं गाड्यांना अलगद बाजूच्या लेनमध्ये सरकवायचं, हे सगळं तिचं काम. तिच्या सहीशिवाय टोळीतला एकही माणूस रस्त्यावर पाऊल ठेवू शकत नसे. आणि ती मोजायची तर अशी, की टोळीनं तिचं नावच मोजपट्टी पाडलं होतं.

"पहिली पाटी पाचशे मीटरवर आहे. मी स्वतः मोजलीय," ती म्हणाली.

"असेल. पण तुम्ही चालत मोजलीत. मी बसून येतो. बसलेल्या माणसाला झाडाची फांदी आड येते… विश्वास नसेल तर चला, दाखवतो."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण या कामातला एक नियम तिला पाठ होता: पाट्या, कोन सगळं लावून झालं की एकदा गाडीत बसून, परक्या माणसासारखं, त्या रस्त्याने जायचं आणि काय दिसतं ते पाहायचं. टोळीची जीप दोन दिवस गॅरेजमध्ये पडली होती. म्हणून तिने ती फेरी पायी मारली होती, आणि चालतंय की, असं स्वतःला समजावलं होतं.

ती त्याच्यासोबत टेम्पोकडे निघाली. लांबवर हातातलं फावडं टेकून टोळीचे मुकादम हे सगळं पाहत होते. मुकादम म्हणजे तिचे वडील. आपली लेक एका अनोळखी माणसाच्या टेम्पोत चढतेय हे पाहून त्यांनी फावड्यावरचं डांबर जरा जास्तच वेळ खरवडलं.

टेम्पो पुढे जाऊन वळला आणि परत आला. तिच्या सीटच्या मागे काचा हलकेच किणकिणत होत्या. तो गाडी इतकी जपून चालवत होता, की मागे झोपलेलं तान्हं मूल आहे असं वाटावं. आणि पाटी… पाटी खरंच दिसेना. दिसली तेव्हा अगदी नाकासमोर आली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

तो गडबडला. भांडायचं म्हणून त्याने मनात तीन चांगली खणखणीत वाक्यं तयार ठेवली होती, ती आता वाया गेली.

"नाही म्हणजे… तशी काच काही मोठी नव्हती," तो म्हणाला. "तिच्यातून खिडकीची दोन तावदानं निघतील."

"काच गेली त्याचं वाईट वाटतंच. पण तुमच्या जागी कुणी जोरात येणारा असता तर?" तिने खिडकीतून हात बाहेर काढून जागा दाखवली. "पाटी तिथे, त्या खांबाजवळ घेते. उद्या परत बसून पाहायला हवं."

"तुमची जीप?"

"गॅरेजमध्ये."

"मग मी नऊला येतो," तो म्हणाला. आणि हे आपण का म्हणालो याचा विचार करत आपल्या काचांच्या दुकानात गेला.

जीप तिसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आली. धुऊनपुसून, नव्या टायरांसह. टोळीतल्या सगळ्यांनी ती पाहिली. पण सकाळची फेरी काचांच्या टेम्पोतूनच होत राहिली, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त झेंडेवाले काका, जे रांगेच्या तोंडाशी लाल झेंडा घेऊन गाड्या थोपवत, ते टेम्पो आला की झेंडा जरा ऐटीत हलवू लागले.

पहिल्या आठवड्यात दोघं एकमेकांना अहोजाहो करत होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिच्या तोंडून "अरे, हळू" निघून गेलं आणि मग दोघांनीही ते तसंच चालू ठेवलं.

"एक विचारू?" एका सकाळी तो म्हणाला. "तिरकी रांग संपते, तिथून तुमची माणसं काम करतात तिथपर्यंत एवढी जागा रिकामी का? माझं अख्खं दुकान बसेल तिथे."

"सत्तर पावलं आहेत ती. मोकळा पट्टा. तिथे काही ठेवायचं नाही. माणूस नाही, खडी नाही, पाण्याचा जगसुद्धा नाही."

"कशासाठी?"

"एखाद्याची नजर चुकली, डुलकी लागली, ब्रेक लागला नाही, तर तो कोन उडवून आत शिरणार. त्याला थांबायला जागा नको?"

"आणि तो तिथेही थांबला नाही तर?"

"त्याच्या पुढे माझे बाबा असतात," ती म्हणाली. "रस्त्याकडे पाठ करून."

त्याने गिअर एकने खाली आणला आणि तो पट्टा संपेपर्यंत टेम्पो अगदी पायी चालल्यासारखा नेला. तिने ते पाहिलं. त्या क्षणी तो तिला आवडला, असं सांगितलं तर अर्धंच खरं होईल. आवडला तो आधीच होता, त्या क्षणी तिला ते कळलं इतकंच.

"वाईट नाही वाटत?" त्याने नंतर विचारलं. "एवढी मेहनत करतेस आणि लोक रांगेत उभे राहून तुलाच शिव्या घालतात."

"काही घडलं नाही की माझा दिवस चांगला गेला. आता जे घडलंच नाही ते लोकांना दाखवणार कसं?"

"काचेचंही तेच आहे. नीट बसवलेली काच कुणाला दिसत नाही. दिसली तर समजायचं, पुसायची राहिली."

ती हसली. तो आरशात तिच्याकडे पाहत होता.

"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.

"रस्त्याकडेच बघतोय."

"रस्ता आरशात नाहीये."

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना इंजिनिअरसाहेब आले.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण रांगेत अडकलेल्या लोकांचे फोन त्यांनाच येत, आणि रोज फोन घेऊन त्यांचा कान पिकला होता. त्यांनी मोकळ्या पट्ट्याकडे हात केला. "एवढी जागा वाया जातेय. खडीचे ट्रक इथे उभे करा, म्हणजे पुढची लेन तेवढी लवकर उघडता येईल. रांग निम्म्यावर येईल."

"मग माझी सही नाही," ती म्हणाली.

"तुमची नसेल तर दुसऱ्या कुणाची घ्यावी लागेल."

"घ्या. पण तो माणूस आणाल तेव्हा त्याला आधी टोळीला भेटवा. कुणाच्या पाठीमागची जागा काढून घेतोय ते त्यानं बघून घ्यावं."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. शुक्रवारी पुन्हा येतो, पाहणी करून ठरवतो, असं म्हणून ते गेले. झालं. पट्टा राहणार की जाणार, आणि पट्ट्याबरोबर तीही, हे आता शुक्रवारवर आलं.

शुक्रवारी साहेब अकराला आले. ती त्यांना एकेक पाटी दाखवत, अंतरं सांगत चालली होती. तिचा आवाज शांत होता. आज मुलीचा दिवस आहे हे टोळीला माहीत होतं, त्यामुळे सगळे कधी नव्हे ते हेल्मेटचे पट्टेसुद्धा घट्ट बांधून कामाला लागले होते.

आणि तिरक्या रांगेच्या टोकाशी येऊन दोघं थांबले. मोकळ्या पट्ट्याच्या ऐन मधोमध काचांचा टेम्पो उभा होता.

त्याचं असं झालं होतं. टोळीच्या केबिनची खिडकी फुटलेली होती, तिथे कित्येक दिवस पुठ्ठा लावून भागवलं होतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्याने मापाची काच कापून आणली होती. खडीची गाडी आत येते त्या फटीतून तो शिरला, आणि समोर मोकळी जागा दिसली तिथे त्याने टेम्पो लावला. रोजच्या फेऱ्यांनी तो स्वतःला इथलाच समजायला लागला होता. परका माणूस ही चूक करायला धजावलाच नसता.

"ही जागा मोकळी ठेवायची ना?" साहेब म्हणाले. "मग हे कोण?"

टोळीतल्या माणसांना अचानक डांबरात काहीतरी बघण्यासारखं सापडलं. फक्त मुकादम सरळ लेकीकडे पाहत होते.

तो दोन्ही हातांत काच धरून हसत उभा होता.

"गाडी काढा," ती म्हणाली.

"अगं, ही केबिनसाठी—"

"गाडी काढा. आत्ता. मागे घेऊ नका, कडेनं पुढे जाऊन बाहेर पडा."

'काढा' म्हणाली ती. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलेलं तिला दिसलं. पण ती जागची हलली नाही. त्याने काच पुन्हा चौकटीत ठेवली, पट्टा आवळला, आणि टेम्पो निघून गेला.

मग ती साहेबांकडे वळली. "या सत्तर पावलांत ट्रक उभे करा, असं तुम्ही म्हणाला होतात. इथे कुणीही उभं राहिलेलं नाही चालणार. माझं माणूस असलं तरी नाही."

बोलून झाल्यावर कुठे तिला कळलं की आपण काय बोललो. रोलर चालवणाऱ्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. तिने खाली मान घालून रोजची वही उघडली आणि लिहिलं: मोकळ्या पट्ट्यात एक टेम्पो, चार मिनिटं. खडीच्या गाडीच्या वाटेवर माणूस उभा केला नव्हता, ही माझी चूक.

साहेबांनी ते वाचलं. "स्वतःच्याच विरुद्ध लिहिता?"

"घडलं ते लिहिते."

साहेबांनी वही मिटली. "सोमवारपर्यंत आहे तसं ठेवा," ते म्हणाले. "मग बघू."

शनिवारी टेम्पो आला नाही. ती जीपमधून फेरी मारून आली. नव्या टायरांची जीप तिला अगदी बेचव वाटली.

रविवारी सुट्टी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती भाजी निवडत बसली होती आणि चांगली पानं टाकून देठ ठेवत होती. मुकादमांनी ते बराच वेळ पाहिलं आणि शेवटी ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

"फोन कर की त्याला," ते म्हणाले.

"माझं काही चुकलं नाही, बाबा."

"मी कुठे म्हटलं चुकलं? चुकलं नाही म्हणूनच कर. ज्याचं चुकतं त्याला फोन करायची लाज वाटते."

"त्याला कळायला हवं होतं."

"हवं होतं." ते देठ वेगळे करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "वीस वर्षं मी रस्त्याकडे पाठ करून काम केलं. एकेक गाडी मागून गेली की मानेवर काटा यायचा. घरी आलो तरी मान आखडलेली असायची, तुझी आई शेकून द्यायची. तू हे काम हातात घेतलंस त्यानंतर मला मान शेकावी लागलेली नाही. लोकांना सांगत असतो मी, मुलगी काय काम करते ते. तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगितलं."

तिला रडू आलं. ते तिने लपवलं नाही. फोन मात्र केला नाही, तेवढा हट्टीपणा तिच्यात होता आणि तो कुठून आला होता ते समोरच बसलं होतं.

सोमवारी साडेदहाला रांग नेहमीसारखी सरकत होती. एक करडी मोटार रांगेतून पुढे आली. सगळ्या गाड्या उजवीकडे वळल्या, ही वळली नाही. सरळ आली.

झेंडेवाल्या काकांची शिट्टी कर्कश वाजली. पहिला कोन उडाला, दुसरा, तिसरा… एकूण सात. टोळीतली माणसं शिट्टीसरशी, ठरल्याप्रमाणे, हातातलं टाकून रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे गेली. मुकादम सर्वांत शेवटी गेले, कारण आधी त्यांनी माणसं मोजली. मोटार मोकळ्या पट्ट्यात शिरली, टायर ओरडले, आणि ती थांबली.

एक वयस्क गृहस्थ थरथरत खाली उतरले. नाकावरचा चष्मा खाली पडला होता म्हणे, तो उचलायला वाकले होते. मुकादमांनी त्यांना सावलीत बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. सगळे त्या मोटारीच्या आणि टाकलेल्या फावड्यांच्या मधल्या जागेकडे पाहत होते.

तिने ती जागा मोजली. अठरा पावलं उरली होती. नेहमीची एकसारखी चाल होती तिची, पण अठरावं पाऊल टाकून झाल्यावर तिला वडिलांच्या फावड्याशेजारी खाली बसावं लागलं. जरा वेळाने ती उठली, जाकीट झटकलं आणि सातही कोन पुन्हा उभे करवून घेतले.

"आत येऊ का?" मागून आवाज आला.

तो खडीच्या गाडीच्या वाटेबाहेर उभा होता. टेम्पो त्याने पार पुढे, कामाची हद्द संपते त्याच्याही पलीकडे लावला होता आणि कठड्याबाहेरून चालत आला होता. काखेत ती काच होती, चेहरा पांढराफटक.

"हेल्मेट घाल आणि ये," ती म्हणाली.

दोघं केबिनच्या आडोशाला उभे राहिले.

"मी त्या मोटारीच्या मागे चौथा होतो," तो म्हणाला. "सगळं दिसलं. शुक्रवारी मी बरोबर तिथेच… हातात काच घेऊन, रस्त्याकडे पाठ करून उभा होतो."

"हो."

"तीन दिवस मी तोंड फुगवून बसलो होतो. वाटलं, हिनं चारचौघांत माझा पाणउतारा केला. आज तरी हिचा फोन येईल, काल तरी यायला हवा होता…"

"मी माफी मागणार नाहीये."

"मागू नकोस. मागितलीस तर मला ती घेता येणार नाही."

"मग कशाला आलास?"

"काच बसवायला. आणि रांगेत झेंडेवाल्या काकांनी गाडी थांबवून मला काहीतरी सांगितलं, ते खरं का ते विचारायला."

"काय सांगितलं?"

"माझं माणूस असलं तरी नाही, असं तू म्हणालीस म्हणे."

तिने हेल्मेट कपाळावर खाली ओढलं. "मी बरंच काही म्हणाले होते. त्यातलं काकांना एवढंच ऐकू आलं वाटतं."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हाकलत होतीस तेव्हाही आवडत होतीस. राग त्याचाच तर जास्त आला होता."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "मलाही," ती म्हणाली. "तुला तिथून घालवताना मला काय झालं ते मलाच माहीत. पण पुन्हा उभा राहिलास तर पुन्हा घालवीन."

"घालव," तो म्हणाला. त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या हातमोज्याला डांबर लागलं होतं, ते त्याच्या तळव्यावर उमटलं.

बाराच्या सुमाराला साहेब आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मोटार उभी होती तिथून ते स्वतः पावलं टाकत निघाले, ओठ हलवत, मोठ्याने न मोजता, आणि मुकादमांच्या फावड्याशी येऊन थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या पट्ट्यातलं एक पाऊलही कमी करायचं नाही. फोन आले तर मी बघून घेईन. सही बाईंचीच राहील." टोळीतली माणसं आपापल्या कामाला वळली, पण चालताना सगळ्यांच्या छात्या दोन बोटं पुढे आल्या होत्या.

आता राहिला अपघाताचा अहवाल. केबिनमधल्या टेबलावर तिने छापील कागद ठेवला. तारीख, वेळ, उडालेले कोन, उरलेलं अंतर, सगळं भराभर भरलं. साक्षीदार म्हणून त्याचं नाव, पत्ता, धंदा लिहिला. त्याखाली एक रकाना होता: साक्षीदाराचे येथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाशी नाते असल्यास नमूद करावे. त्यात सगळेच 'नाही' लिहितात.

तिचं पेन तिथे अडलं.

"काय झालं?" त्याने विचारलं. टेबलापलीकडून त्याने तो रकाना उलटा वाचला.

"मी कागदावर खोटं लिहीत नाही," ती म्हणाली.

"मग खरं काय असेल ते लिही."

"ते मी एकटीनं कसं ठरवू?"

"माझं ठरलंय," तो म्हणाला. "लिहायचं तूच आहेस…"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दोन शब्द लिहिले. अक्षर जराही हललं नाही. मग कागद फिरवून, खाली मुकादमांची सही लागते म्हणून, दारात उभ्या असलेल्या वडिलांपुढे धरला.

मुकादमांनी तो हात लांब करून वाचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या रकान्याशी येऊन ते थांबले. पुन्हा वाचलं.

"होणारा नवरा," त्यांनी मोठ्याने म्हटलं. बाहेर रोलर बंद झाला. "हे तू मला कामावरचं म्हणून कळवतेयस की घरचं म्हणून?"

"दोन्ही," ती म्हणाली. "यातलं काही चुकीचं असेल तर सांगा. खोडून देते."

मुकादमांनी त्या पोराकडे पाहिलं, त्याच्या तळव्यावरच्या डांबराकडे पाहिलं, आणि मग लेकीकडे बराच वेळ पाहत राहिले. एरवी असल्या कागदांवर ते नुसती दोन अक्षरं खरडून मोकळे होत. आज त्यांनी हात पँटला नीट पुसले, खुर्ची ओढून बसले, आणि आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश लिहून काढलं.